नून शिखराची मोहीम आखताना: दिवस, वजन आणि माघारीची वेळ

कारगिलच्या दक्षिणेला सुरू नदीच्या खोऱ्यात नून आणि कुन ही दोन शिखरं शेजारीशेजारी उभी आहेत. नून ७,१३५ मीटर, कुन ७,०७७ मीटर. नूनवर पहिली यशस्वी चढाई १९५३ साली झाली. बर्नार्ड पिएर यांच्या मोहिमेतले क्लोद कोगां आणि पिएर व्हितोझ तेव्हा माथ्यावर पोहोचले. आज भारतीय गिर्यारोहकांना सात हजार मीटरच्या वर जायचं असेल तर सातोपंथ आणि नून ही दोन नावं सर्वात आधी निघतात. एजन्सी मिळते, गाईड मिळतो, वाट माहितीची आहे आणि गाडीरस्त्यापासून बेस कॅम्प फार लांब नाही.

अडचण नेमकी या शेवटच्या गोष्टीत आहे. ज्या शिखराच्या पायथ्याशी पोहोचायला आठ दिवस चालावं लागतं, तिथे शरीर विरळ हवेला चालता चालता सरावतं. नूनला गाडीतून उतरल्यावर एका दिवसात बेस कॅम्प गाठता येतो. तो तसा गाठला, तर मोहिमेचा निकाल बऱ्याचदा तिथेच ठरतो. म्हणून पैसे भरण्याआधी, एजन्सीचा कार्यक्रम हातात आल्या आल्या, कागद-पेन्सिल घेऊन बसा. गाईड घेतला म्हणून हिशोब त्याच्यावर सोडून द्यायचा नाही. गाईड तुम्हाला डोंगरावर सांभाळतो, पण कार्यक्रमातच नसलेले दिवस तो कुठून आणणार?

आधी उंचीचा आलेख काढा

लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथून कारगिलला जाताना फोटु ला ही ४,१०८ मीटरची खिंड लागते, पण कारगिल स्वतः सुमारे २,७०० मीटरवर आहे. म्हणजे लेहमध्ये काढलेल्या दोन-तीन रात्रींनंतर आपण पुन्हा खाली उतरतो. कारगिलहून सांकू, पानिखर करत तांगोल गाव सुमारे ७० किलोमीटरवर, उंची साधारण ३,४००. बेस कॅम्प जवळपास ४,६०० मीटरवर. कार्यक्रमात ‘पाचवा दिवस तांगोल, सहावा दिवस बेस कॅम्प’ असं लिहिलेलं असेल, तर एका रात्रीत झोपण्याची उंची १,२०० मीटरने वाढते. उंचीवरच्या वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. डोंगराच्या रचनेमुळे हा नियम दर वेळी तंतोतंत पाळता येत नाही. पण दुपटीहून मोठी उडी मारायची, तर तिच्या आधी आणि नंतर भरपाई करावी लागते.

ती अशी करता येते. लेहमध्ये पूर्ण दोन दिवस. पहिला झोपून आणि पाणी पिऊन, दुसरा आसपास हलकं चालून. तांगोल आणि बेस कॅम्पच्या मध्ये ३,९०० ते ४,००० मीटरच्या दरम्यान पाणी पाहून एक मधला तळ टाकायचा. एजन्सी या तळाला नाखूश असते, कारण घोडेवाल्यांची एक दिवसाची मजुरी वाढते. ती मजुरी तुम्ही द्या. संपूर्ण मोहिमेत इतक्या कमी पैशांत इतका मोठा फायदा दुसरा कुठला नाही.

बेस कॅम्पच्या वर साधारण तीन कॅम्प लागतात. कॅम्प वन ५,४०० च्या आसपास हिमनदीवर, कॅम्प टू ६,००० ते ६,१०० वर, कॅम्प थ्री सुमारे ६,३०० वर. बर्फाची स्थिती पाहून दरवर्षी जागा थोड्या सरकतात. बेस ते कॅम्प वन ही पुन्हा ८०० मीटरची उडी आहे, म्हणून तिथे थेट झोपायला जायचं नाही. आधी एकदा सामान घेऊन वर जायचं, ठेवायचं, उतरायचं, मग एक दिवस सोडून झोपायला जायचं.

हे सगळं मांडलं की दिवस असे पडतात. लेह तीन रात्री, कारगिल, तांगोल, मधला तळ, सातव्या दिवशी बेस. आठवा दिवस बेसवरच: पूजा, दोरांचा सराव, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) बसवून पाहणं. नवव्या दिवशी कॅम्प वनला सामान पोहोचवून परत. दहावा विश्रांती. अकरा आणि बारा या दोन रात्री कॅम्प वनवर. बाराव्या दिवशी कॅम्प टूच्या उतारावर जमेल तितकं चढून पुन्हा खाली झोपायला. तेरावा बेसला उतरायचा, चौदा-पंधरा खाणं आणि झोप. त्या वेळात वरची माणसं दोर लावून घेतात. सोळा कॅम्प वन, सतरा टू, अठरा थ्री, एकोणीस समिट, वीस बेस. त्यानंतर हवामानासाठी तीन राखीव दिवस. चोवीस तांगोल, पंचवीस कारगिल, सव्वीस लेह, सत्ताविसाव्या दिवशी विमान. महिनाभराची रजा टाकायला हवी. अठरा-वीस दिवसांचा कार्यक्रम कागदावर बसवता येतो, पण तो बसवताना राखीव दिवस किंवा बेसवरची दुसरी विश्रांती कापलेली असते, आणि नेमक्या त्या दिवशी वर वारा सुटतो. राखीव दिवस कार्यक्रमाच्या शेवटी लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात ते समिटच्या आधीच वापरले जातात, हेही लक्षात असू द्या. परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा.

कधी जायचं

जुलै ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हा हंगाम. सुरू खोरं मुख्य हिमालयाच्या पर्जन्यछायेत असलं तरी अगदी कोरडं नाही. ऑगस्टमध्ये मान्सूनचा एखादा जोरकस लोट डोंगर ओलांडून येतो आणि दोन दिवसांत कमरेएवढा बर्फ साचू शकतो. जुलैमध्ये हिमनदीवरच्या भेगा बर्फाने झाकलेल्या असतात. चालायला सोपं, पण भेगेवरचा बर्फाचा पूल कुठे पोकळ आहे ते दिसत नाही. ऑगस्टच्या अखेरीस भेगा उघड्या पडतात, वाट लांबते, आणि उतारावरचा बर्फ जाऊन खालचा कडक निळसर थर वर येतो. मग दोर बांधायला बर्फात ठोकायच्या हिमखुंट्या शिरत नाहीत, फिरवून बसवायचे आइस स्क्रू जास्त लागतात. तुमची तारीख ठरली की दोर-सामानाची यादी त्याप्रमाणे बदलली पाहिजे. वर्षभर एकच यादी पाठवणाऱ्या एजन्सीला ती तारखेप्रमाणे का बदलत नाही, हे जरूर विचारा.

सुरू खोऱ्यातले बहुतेक गावकरी शिया मुस्लिम आहेत. मोहर्रमचे दहा दिवस आणि त्यानंतर चाळीस दिवसांनी येणारा चेहल्लुम या काळात पोर्टर आणि घोडेवाले मिळणं अवघड असतं, आणि त्यांनी यावं अशी अपेक्षाही करू नये. चांद्र वर्षामुळे या तारखा दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतात. तांगोलहून निघण्याचा आणि परतण्याचा दिवस ठरवण्यापूर्वी त्या पाहून घ्या. श्रीनगर-झोजी ला मार्गे जाणार असाल, तर जुलै-ऑगस्टमध्ये अमरनाथ यात्रेमुळे रस्त्यावर वाहतुकीची बंधनं असतात. त्यासाठी एक दिवस जास्तीचा धरा.

परवानगी आणि कागद

शिखरासाठी अर्ज दिल्लीच्या इंडियन माउंटेनीअरिंग फाउंडेशनकडे, म्हणजे आयएमएफकडे करायचा. एजन्सी तो करते, पण अर्जात सदस्यांची नावं, आधीच्या चढायांचा अनुभव, प्रशिक्षण आणि वैद्यकीय दाखला लागतो, म्हणून तीन-चार महिने आधी सगळ्यांचे कागद गोळा झाले पाहिजेत. परवानगीच्या पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा आणि त्यावर शिखराचं नाव, मार्ग आणि तारखा वाचून घ्या. नूनची परवानगी आणि खोऱ्यात ट्रेकिंगला जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गटात परदेशी नागरिक असेल, अगदी परदेशी पासपोर्ट असलेला आपला मराठी मित्र असला तरी, गिर्यारोहणाचा वेगळा व्हिसा आणि संपर्क अधिकारी यांची प्रक्रिया लागते. तिला जास्त वेळ जातो.

सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशात मोकळी मिळतात म्हणून ती बॅगेत टाकून आणू नका. विमानतळावर जप्ती आणि पोलीस केस होऊ शकते. संपर्काची व्यवस्था काय आहे आणि तिचा परवाना कोणाच्या नावावर आहे, हे एजन्सीकडून लेखी घ्या. कॅम्पांदरम्यान वॉकीटॉकी लागतात. त्यांच्या वापराची वेळ ठरलेली असावी: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, आणि समिटच्या रात्री दर दोन तासांनी. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. बेस कॅम्पवर कुठलंच सिम भरवशाचं नाही.

विमा घेताना कागदावरचं बारीक अक्षर वाचा. अनेक पॉलिसी ‘ट्रेकिंग’ शब्द वापरतात आणि दोर-क्रॅम्पॉन वापरून केलेली चढाई किंवा ठराविक उंचीच्या वरचा अपघात वगळतात. ७,१३५ मीटर ही उंची, ‘गिर्यारोहण’ हा शब्द आणि हेलिकॉप्टरने सुटका या तिन्ही गोष्टी त्यात असल्या पाहिजेत. हेलिकॉप्टर मिळालं तरी ते हवामान पाहून आणि सहसा बेसच्या आसपासच येईल. तिथपर्यंत जखमी माणसाला आपल्याच माणसांनी आणायचं असतं, म्हणून वर किती माणसं आहेत याला महत्त्व आहे.

एजन्सीला काय विचारायचं

गाईड कोण, त्याने नून किंवा दुसरं सात हजारी शिखर केलेलं आहे का, प्रशिक्षण कुठलं: उत्तरकाशीची नेहरू संस्था, दार्जिलिंगची हिमालयन संस्था, मनाली, की पहलगाम. गाईडचं नाव आत्ता सांगता येत नसेल तर पैसे आत्ता भरायचे नाहीत. समिटच्या दिवशी दोन सदस्यांमागे किमान एक प्रशिक्षित माणूस असावा. हे प्रमाण संपूर्ण मोहिमेचं नसून समिटच्या दिवसाचं विचारा. बेसवरचा स्वयंपाकी आणि मदतनीस मोजून प्रमाण फुगवलेलं असतं.

एक सदस्य कॅम्प थ्रीवर आजारी पडला तर त्याला घेऊन कोण उतरणार आणि उरलेल्यांसोबत कोण राहणार, हाही प्रश्न विचारा. याचं सरळ उत्तर ‘तेव्हा पाहू’ असं आलं, तर दुसरी एजन्सी शोधा. वरच्या कर्मचाऱ्यांचा विमा काढला आहे का, त्यांचे बूट, झोपण्याची पिशवी, चष्मे कोण देतं, त्यांचा तंबू कोणता, हे विचारायला संकोच करू नका. त्यांच्याकडे भिजणारे बूट असतील, तर तुमची सुरक्षा त्या बुटांवर अवलंबून आहे.

वजनाचा हिशोब

बहुतेक मोहिमा इथे फसतात, आणि नाव मात्र हवामानाचं पुढे होतं. सहा सदस्य, दोन गाईड, वर काम करणारे चार सहायक, अशी बारा माणसं धरू. बेसच्या वर प्रत्येकाच्या सरासरी सहा रात्री. म्हणजे बहात्तर माणसी दिवस.

गॅस: बर्फ वितळवून माणशी चार लिटर पाणी आणि जेवण, दिवसाला १५० ग्रॅम. बहात्तर दिवसांचे १०.८ किलो, म्हणजे २३० ग्रॅमचे सत्तेचाळीस डबे. वाऱ्यात वाया जाणारा आणि राखीव मिळून वीस टक्के वाढवा: छप्पन्न डबे, डब्यासकट सुमारे २१ किलो. अन्न माणशी ७०० ग्रॅम, म्हणजे ५० किलो. तंबू: कॅम्प वनला पाच, टूला पाच, थ्रीला चार, प्रत्येकी साडेतीन किलो धरून ४९ किलो. फिक्स्ड दोर, म्हणजे उतारावर बांधून ठेवायचा, ७०० मीटर, ३५ किलो. हिमखुंट्या वीस, आइस स्क्रू दहा-बारा, कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या), काही पिटॉन (खडकात ठोकायच्या खुंट्या) मिळून १५ किलो. शेगड्या आणि भांडी दहा. औषधं आणि आजाऱ्यासाठी प्राणवायूचं नळकांडं धरून दहा. एकूण १९० किलो. यात कोणाचंही वैयक्तिक सामान नाही.

या उंचीवर एका माणसाने एका खेपेला १२ ते १५ किलो न्यावं. त्याहून जास्त नेणारे असतात, पण मग ते दुसऱ्या दिवशी काम करत नाहीत. १९० भागिले १३, म्हणजे पंधरा खेपा, फक्त कॅम्प वनपर्यंत. चार सहायकांना चार दिवस. सदस्यांनी नवव्या दिवशी प्रत्येकी आठ किलो नेले तर ४८ किलो कमी होतात आणि एक दिवस वाचतो, शिवाय त्या खेपेत शरीरही सरावतं. कार्यक्रमात सामान वाहण्याचा एकच दिवस दाखवलेला असेल आणि सहायक दोनच असतील, तर काहीतरी कापलेलं आहे. सहसा दोर किंवा गॅस. कॅम्प टूवर गॅस कमी पडला की माणसं कमी पाणी पितात, आणि त्या दिवसापासून सगळं बिघडत जातं.

गॅसचे डबे विमानातून नेता येत नाहीत. ते लेहमध्ये घ्यायचे किंवा एजन्सीने रस्त्याने आणायचे, आणि लेहमध्येच उघडून, मोजून, एकेक शेगडीवर बसवून पाहायचे. डब्याचं तोंड आणि शेगडीचा आटा जुळत नाही ही तक्रार नेहमीची आहे, आणि ती कॅम्प वनवर कळून उपयोग नाही. तांगोलहून घोड्यावर साधारण ६० किलो, दोन्ही बाजूंना सारखं वजन करून. पोर्टर २० ते २५ किलो. काट्यावर वजन करून, गोण्यांना क्रमांक देऊन, कोणत्या कॅम्पची गोणी आहे ते वर लिहा. बेसवर पोहोचल्यावर सगळं उघडून शोधण्यात एक दिवस जातो.

खाणं

साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो आणि पाणी ८२ अंशांच्या आसपासच उकळतं. बेसवर प्रेशर कुकर लागतोच, नाहीतर डाळ दिवसभर शिजत नाही. वर गेल्यावर गरम पाण्यात भिजून होणाऱ्या गोष्टीच न्या: पातळ पोहे, तयार उपमा, नूडल्स, सूप, सातूचं पीठ, बटाट्याचा चुरा. कॅम्प वनवर लहान कुकर नेला तर मेतकूट-तूप-भात होतो, आणि भूक मेलेल्या माणसाच्या घशाखाली तो उतरतो, जेव्हा महागडी परदेशी पाकिटं उतरत नाहीत. उंचीवर तेलकट, मसालेदार आणि खूप गोड या तिन्हींचा वीट येतो. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, खारे शेंगदाणे, लिंबाचं सुकं लोणचं असं वेगवेगळ्या चवींचं मिश्रण हवं. चिक्की दगडासारखी गोठते, म्हणून घरीच लहान तुकडे करून माणशी, दिवसागणिक पिशव्या भरा. प्रत्येक पिशवीवर कॅम्प आणि दिवस.

वैयक्तिक सामान

सविस्तर यादी एजन्सी देईल. चुकतं कुठे ते सांगतो. बूट दुहेरी हवेत, सहा हजार मीटरच्या वरच्या थंडीसाठी बनवलेले. भाड्याने घेणार असाल तर मोज्यांसह दुपारनंतर घालून पाहा, कारण तेव्हा पाय सुजलेले असतात. जिना उतरताना अंगठा पुढे लागला तर एक माप मोठं घ्या. क्रॅम्पॉन त्याच बुटांवर बसवून, बूट झटकून पाहा. हे लेहमध्ये व्हायला हवं. जाड हातमोज्यांच्या दोन जोड्या, त्यांना मनगटाची दोरी. माथ्याजवळ एक हातमोजा उडून गेला तर बोटं जातात. काळे चष्मे चौथ्या श्रेणीचे, दोन. चष्मा नसताना ढगाळ हवेतही बर्फावर डोळे भाजतात आणि दुसऱ्या सकाळी माणूस आंधळा असल्यासारखा वागतो. झोपण्याची पिशवी उणे २५ अंशांना ऊब देणारी. हार्नेस, हेल्मेट, जुमार (दोरावर वर सरकणारी, खाली न घसरणारी पकड), उतरण्यासाठी आठच्या आकाराचा डिसेंडर, चार स्क्रू कॅराबिनर, मुख्य दोराला गाठ मारून आवळायच्या सहा मिलिमीटरच्या प्रुसिक दोऱ्या, आइस अॅक्स. हेडलॅम्पच्या बॅटऱ्या समिटच्या रात्री अंगाशी, आतल्या खिशात.

सह्याद्रीत होणारी तयारी, आणि न होणारी

सहा महिने हवेत. पुण्याच्या माणसाला सिंहगड हे उत्तम साधन आहे: आतकरवाडीतून सुमारे ६०० मीटरची सलग चढण. पाठीवर १२ ते १५ किलो पाण्याच्या बाटल्या घेऊन चढा, माथ्यावर पाणी झाडांना घाला आणि रिकामे उतरा. गुडघे वाचतात. शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा लागोपाठ दोन फेऱ्या जमल्या पाहिजेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर धावता आलं पाहिजे. मुंबईकरांनी कळसूबाई, माहुली असं काहीही धरावं. वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचं.

याहून जास्त दुर्लक्ष होतं ते दोरकामाकडे. कॅम्प वन ते टू या उतारावर बऱ्याच ठिकाणी ४५ ते ५० अंशांची चढण असते आणि तास न् तास जुमारवर जातात. दोराच्या प्रत्येक गाठीपाशी आधी सुरक्षा-कॅराबिनर पुढच्या दोरात, मग जुमार काढून पुढे. हा क्रम जाड हातमोजे घालून, अंधारात, न पाहता करता आला पाहिजे. तैलबैला, ड्यूक्स नोज किंवा जवळच्या कुठल्याही सरावाच्या कड्यावर मोजे घालून, हेडलॅम्प लावून पन्नास वेळा करा. एका गाठीला सहा मिनिटं लावणारा सदस्य मागच्या सगळ्यांना उणे वीसमध्ये उभं ठेवतो.

उंचीची तयारी मात्र सह्याद्रीत होत नाही. गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स आणि सहा हजारांवरचं किमान एक शिखर आधी झालेलं हवं, म्हणजे आपलं शरीर वर कसं वागतं ते कळतं.

उंचीचे आजार

औषधं डॉक्टरांशी बोलूनच घ्यायची, आणि निघण्याआधी. प्रतिबंधासाठी अॅसेटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा; सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी आधी विचारावं. डोकेदुखी, मळमळ, न जाणारा थकवा असेल तर वर जायचं नाही, आणि बरं वाटेपर्यंत तिथेच. हे सर्वांना ठाऊक असतं. तरी लोक दडपतात, कारण कार्यक्रमात थांबायला दिवस नसतो.

बसल्या जागी धाप, कोरडा मग फेसाळ खोकला, ओठ निळसर: फुफ्फुसात पाणी होतंय. चालताना झोक, बोलण्यात गोंधळ: मेंदूला सूज. टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला लावा. जमलं नाही तर शंका धरू नका. दोन्हींत उपाय एकच, लगेच उतरणं, रात्र असली तरी. मेंदूसाठी डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४. फुफ्फुसासाठी प्राणवायू आणि सावकाश विरघळणारं निफेडिपिन ३० मिलिग्रॅम, बारा तासांनी. ही औषधं उतरायला वेळ मिळावा म्हणून आहेत. ती घेऊन वर थांबणारे दगावतात. नुसता ऑक्सिमीटरचा आकडा पाहून ठरवू नका: थंड बोटांवर तो खोटा येतो. माणसाकडे पाहा.

हिमनदी आणि वरची वाट

बेस ते कॅम्प वन दगडधोंड्यांतून हिमनदीवर जाणारी वाट आहे. बर्फावर पाऊल पडलं की दोरात बांधून घ्यायचं, कितीही सपाट आणि मळलेली वाट दिसली तरी. तीन-चार माणसांच्या दोरात प्रत्येकी १२ ते १५ मीटर अंतर, दोर किंचित सैल. पहाटे निघून दहा-अकराच्या आत कॅम्पवर, कारण ऊन चढलं की भेगांवरचे पूल मऊ पडतात. भेगेत पडलेल्याला बाहेर काढण्याचा सराव बेसवर, सर्व सदस्यांनी, एकदा तरी करायचा. गाईडच भेगेत पडला तर काढणारे तुम्हीच असता.

कॅम्प टूच्या वर उतार मोकळा आणि पसरट होतो. चांगल्या हवेत ही वाट सोपी, ढगात ती सर्वात फसवी. पन्नास मीटर अंतराने लाल कापड बांधलेल्या बांबूच्या काठ्या रोवत जा. चाळीस काठ्या पुरतात, वजन नगण्य. जीपीएसमध्ये प्रत्येक कॅम्प आणि वळण नोंदवाच, पण थंडीत बॅटरी जाते, काठी जात नाही. चोवीस तासांत फूटभर नवा बर्फ पडला असेल तर कॅम्प टूच्या उतारावर किमान एक दिवस कोणीही जायचं नाही. वाऱ्याने बर्फ आणून साचवलेल्या बाजूला दोन दिवस.

समिटचा दिवस

कॅम्प थ्रीपासून माथा साधारण ८३५ मीटर वर. या उंचीवर ताशी १०० मीटर हा चांगला वेग आहे. म्हणजे आठ-नऊ तास चढायला, चार-पाच उतरायला. मध्यरात्री ते एक या वेळात निघायचं, त्यासाठी दहा वाजता शेगडी पेटवायची. दोन माणसांचं पाणी वितळायलाच तास जातो. माघारीची वेळ सकाळी अकरा. ती बेसवर ठरवा, लिहून ठेवा, गाईड आणि सर्व सदस्यांनी मान्य करा. तिथे वर, माथा शंभर मीटरवर दिसत असताना, ती नव्याने ठरवायची नसते. त्या क्षणी कोणाचंच डोकं धड चालत नाही, हे मान्य करूनच वेळ आधी ठरवलेली असते.

पहिल्या तीन तासांत अडीचशे मीटरही चढून झाले नसतील, तर हिशोब सरळ आहे: तो सदस्य अकराला माथ्यावर नसेल. त्याला तेव्हाच एका सहायकासोबत खाली पाठवा. अंधारात, शक्ती असताना परतणं सोपं. दुपारी, थकून, मऊ बर्फात नाही. वाऱ्याची मर्यादाही ठरवा. उणे २० अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे ३४ जाणवतं, आणि दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. कॅम्प थ्रीवर उभं राहायला त्रास होत असेल तर निघायचं नाही. राखीव दिवस त्यासाठीच आहेत. कॅम्प थ्रीवर एक जादा दिवसाचं अन्न आणि गॅस वरच्या हिशोबात आहे की नाही, हे सोळाव्या दिवशी बेस सोडण्याआधी पुन्हा एकदा मोजून घ्या.

उतरताना प्रत्येक दोरावर डिसेंडर लावण्याआधी गाठ आणि खुंटी पाहा: उन्हाने खुंट्या सैल झालेल्या असतात. सर्वात थकलेला माणूस दोन सक्षम माणसांच्या मध्ये. माथ्यावरून उतरलेल्यांनी शक्यतो त्याच दिवशी कॅम्प टूपर्यंत यावं, पण पाय लटपटत असतील तर कॅम्प थ्रीवरच झोपलेलं बरं.

उतरल्यावर

वरच्या कॅम्पांतून रिकामे डबे, फाटके तंबू, अन्नाची पाकिटं आणि शौचाच्या पिशव्या खाली आणण्यासाठी वीस-एकविसाव्या दिवशी सहायकांची एक खेप लागते. तिची मजुरी आधीच करारात लिहा, नाहीतर ती खेप होत नाही. काढता येण्यासारखे दोरही काढून आणायचे. पुढच्या वर्षी कोणीतरी त्या कुजलेल्या दोरावर भार टाकतो. कर्मचाऱ्यांचं बक्षीस तांगोलमध्ये, सर्वांसमोर, रोख द्यावं. त्यासाठी लागणारे पैसे लेहमधून किंवा फार तर कारगिलमधून काढून ठेवा. मोहिमेचा अहवाल आयएमएफला पाठवताना दोर कुठे संपले, कॅम्प नेमके कुठे लागले, भेगा कोणत्या बाजूला होत्या, हे उंचीच्या आकड्यांसह लिहा. पुढच्या गटाला त्याचा थेट उपयोग होतो. बोटांना बधिरपणा राहिला असेल, तर ती चोळू नका, शेकोटीजवळ नेऊ नका. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात, पुन्हा गोठणार नाहीत याची खात्री असेल तेव्हाच धरा, आणि कारगिलच्या रुग्णालयात दाखवूनच लेहची गाडी पकडा.